मालगाडी बाजूला घ्या!

पणदऱ्यात रेल्वे नाही. रूळ नाहीत, फलाट नाही, सिग्नल नाही. तरीही दिवाळी सरली की गावातून मालगाड्या धावायला लागतात आणि त्या थेट उन्हाळ्यापर्यंत थांबत नाहीत. पुढे एक ट्रॅक्टर, मागे उसानं ठासून भरलेले दोन ट्रेलर, ट्रेलरच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेली उसाची टोकं आणि ट्रॅक्टरवरच्या स्पीकरमधून शेजारच्या तालुक्याला ऐकू जाईल असं गाणं. नीरा–बारामती रस्त्यानं हा लवाजमा कुणी माळेगाव कारखान्याकडे, कुणी सोमेश्वरला, कुणी पार भवानीनगरच्या छत्रपतीला घेऊन निघतो. मागे एसटी. एसटीत बारामतीच्या कॉलेजला निघालेली पोरं, तहसील कचेरीत तारीख असलेला एक म्हातारा आणि नातवाला दवाखान्यात नेणारी एक आजी. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न देतो. ट्रॅक्टरवाल्याला तो गाण्यातलाच ठेका वाटतो.

इथं कुणी तक्रार करत नाही, कारण एसटीत बसलेल्या निम्म्या लोकांचा ऊस त्याच ट्रेलरमध्ये नाहीतर त्याच्या पुढच्या ट्रेलरमध्ये असतो. तोडलेला ऊस फार वेळ थांबत नाही. वाळतो, वजन घटतं, उतारा घसरतो. म्हणून हंगामात या रस्त्याचा अलिखित कायदा असा की माल पुढे आणि माणूस मागे. अर्थात ट्रॅक्टरचा हा मानही केनयार्डाच्या गेटपर्यंतच टिकतो. आत गेल्यावर नंबर, मग वजनकाटा, मग गव्हाणीपुढची रांग. वाटेत अख्ख्या एसटीला ताटकळवणारा गडी मग ट्रेलरच्या सावलीत टॉवेल टाकून निवांत घोरतो.

रेल्वेनं हा कायदा मुळापासून उलटा करून ठेवला आहे. तिथं माणूस पुढे आणि माल मागे. नुसता मागे नाही, बाजूला.

पणदऱ्याच्या एका अंगाला बारामती स्टेशन, दुसऱ्या अंगाला पुणे–मिरज मार्गावरचं नीरा. लोणंदहून फलटणपर्यंत गाडी आली. फलटण ते बारामती हा तुकडा जोडला गेला की इकडच्या माणसाला दोन्हीकडून रेल्वे गाठता येईल, अशी आशा इथं वडिलोपार्जित आहे. तोवर बारामतीचा माणूस दौंडमार्गे जगाशी जोडलेला. दौंड–बारामती हा फाटा इंग्रजी अमदानीतला. आधी नॅरोगेज होता, पुढे ब्रॉडगेज झाला. एकेरी होता आणि एकेरीच राहिला. शिर्सुफळ, कटफळ अशी गोड नावांची स्टेशनं, दुतर्फा शेतं आणि दिवसभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पॅसेंजर.

एवढ्या मोकळ्या मार्गावर तरी मालगाडी ऐटीत जात असेल, असं वाटेल. पण रूळ एकच आणि समोरून पॅसेंजर येणार असेल, तर मालगाडीला आधीच कुठल्यातरी स्टेशनात बाजूच्या रुळावर घेतात. हाच तो लूप. मालगाडीचा जन्म मालधक्क्यावर होतो आणि आयुष्य लुपात जातं. अर्ध्या किलोमीटरहून लांब गाडी, मागचा डबा पॉइंटाच्या आत आला की नाही हे बघायचं, पॉइंट फिरवायचे, पुढच्या स्टेशनकडून लाईन क्लिअर घ्यायची आणि मग वाट बघत बसायचं. ज्या पॅसेंजरसाठी एवढा खटाटोप, ती येते तेव्हा तिच्या खिडकीतल्या माणसाला बाजूला एक काळपट लांबलचक भिंत दिसते. ही भिंत आपल्यामुळे उभी आहे, याचा त्याला पत्ता नसतो. तो म्हणतो, “किती दिवस झाले ही इथंच उभी आहे बघा.”

या सगळ्या थांबण्याला भागीदार आहे ते फाटक. गाडी यायची असते म्हणून ते पडतं आणि गाडी कधी येणार हे फाटकवाला सोडून कुणाला ठाऊक नसतं. पहिली दोन मिनिटं लोक सभ्यपणे थांबतात. मग एक मोटारसायकल पुढे सरकते. चालवणारा उतरतो, गाडी एका अंगाला झुकवतो, हँडल दांड्याखालून काढतो, मागे बसलेल्या बायकोला डोळ्यांनीच वाकायला सांगतो आणि पलीकडे गेल्यावर सावकाश तंबाखू मळत मागे वळून बघतो. हे सगळं करून वाचवलेला वेळ तो गाडी आली का, हे बघण्यात घालवतो. मालगाडी मोजल्याशिवाय पलीकडचा माणूसही हलत नाही. “बेचाळीस डबे,” एकजण जाहीर करतो. “त्रेचाळीस, ब्रेकव्हॅन धरून,” दुसरा दुरुस्ती करतो.

बेचाळीस हा आकडा खरा आहे. साखर, खत, सिमेंट अशा बंद वाघिणींचा एक रेक साधारण तेवढ्याच डब्यांचा असतो आणि त्यात अडीच हजार टनांहून जास्त माल बसतो. दहा टनी ट्रकांतून हा माल न्यायचा म्हटला तर अडीचशे ट्रक लागतील. हा रेक मालधक्क्याला लागला की रेल्वे एकदम वक्तशीर होते. वाघिणी रिकाम्या करायला ठरावीक तास मिळतात आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला, प्रत्येक वाघिणीमागे डॅमरेज चढतं. व्यापाऱ्याचा मुनीम घड्याळाकडे बघत हमालांच्या मागे पळतो. ट्रक कमी पडतात, पाऊस येतो, हमालांच्या जेवणाची सुट्टी होते. त्याच रेकला वाटेत चार ठिकाणी लुपात घालून रात्रभर उभं केलेलं असतं, त्याचं डॅमरेज रेल्वेला कुणी लावत नाही. मालधक्क्यावर वेळ म्हणजे पैसा, लुपात वेळ म्हणजे फक्त वेळ.

आता हे कोण ठरवतं? स्टेशनमास्तर ठरवतो अशी प्रवाशांची समजूत असते आणि म्हणून सगळ्या शिव्या त्याच्या वाट्याला येतात. प्रत्यक्षात दूर कुठंतरी कंट्रोल ऑफिसात बसलेला सेक्शन कंट्रोलर हे ठरवतो. त्याला कुणी पाहिलेलं नसतं, त्यामुळे तो सुरक्षित असतो. त्याच्यापुढे एक तक्ता असतो. पूर्वी तो कागदाचा असे आणि रंगीत पेन्सिली, पट्टी आणि खोडरबर ही त्याची शस्त्रं. आता तक्ता संगणकावर आला. आडवी वेळ, उभी स्टेशनं आणि मध्ये गाड्यांच्या तिरक्या रेघा. मेल-एक्सप्रेसची रेघ ताठ चढते. पॅसेंजरची जरा कलती असते, मध्ये मध्ये अडखळते. आणि मालगाडीची रेघ म्हणजे जिना. थोडी वर, मग आडवी. थोडी वर, मग लांबलचक आडवी. आडवं म्हणजे उभी. कंट्रोलरचं सगळं कौशल्य दोन ताठ रेघांमधल्या फटीत एक जिना बसवण्यात असतं. फोनवर त्याचं एकच पालुपद चालू असतं: “मालगाडी बाजूला घ्या, मागून एक्सप्रेस आहे.”

मानपानाची उतरंडही ठरलेली आहे. अपघातस्थळी निघालेली मदतगाडी सर्वांत पुढे. मग राष्ट्रपतींची खास गाडी. मग राजधानी आणि तिच्या तोलाच्या गाड्या, मग मेल-एक्सप्रेस, मग पॅसेंजर. या सगळ्यांची पंगत उठली की मालगाडीचं पान मांडलं जातं. बहुतेक मालगाड्यांना आपल्याकडे पक्कं वेळापत्रकच नाही. भरली की सुटली आणि जागा मिळाली की पोचली. त्यामुळे मालगाडी कधीच लेट नसते, हा तिचा एकमेव मान. वेळच दिली नाही तर उशीर कसा होणार?

मालगाडी थांबली तरी घड्याळ थांबत नाही. लोको पायलटच्या कामाचे तास मोजलेले असतात. लुपात बसून ते भरले की तो उतरतो, डबा-पिशवी उचलतो आणि दुसरा कुणी येईपर्यंत गाडी तिथंच मुक्कामाला. म्हणजे जी गाडी पॅसेंजर जावी म्हणून थांबली होती, ती पॅसेंजर जाऊन, परत येऊन, पुन्हा गेली तरी थांबलेलीच. मागे ब्रेकव्हॅनमध्ये गार्डसाहेब. एकटा माणूस, एक झेंडी, एक बत्ती, अवतीभवती रान आणि डास. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेनं ‘गार्ड’ हे पद बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ असं भारदस्त नाव दिलं. व्यवस्थापन करायला समोर एकही मनुष्यप्राणी नसलेला असा मॅनेजर दुसऱ्या कुठल्याही धंद्यात सापडणार नाही.

दौंड हे या नाटकाचं या भागातलं मोठं रंगमंदिर. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चारी दिशांच्या गाड्या इथं भेटतात. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडात उलटं फिरावं लागे: इंजिन या टोकाचं सोडा, त्या टोकाला लावा, ब्रेक तपासा, निघा. प्रवाशांना ही गैरसोय कधी वाटलीच नाही. सगळे उतरून चहा प्यायचे, अंडाभुर्जी खायचे, गाडी कुठल्या दिशेनं निघणार यावर पैजा लावायचे. गाडीपाठोपाठ मालगाड्याही फिरायच्या आणि त्यांना फिरायला अर्थातच सगळ्यांच्या नंतर जागा मिळायची. मग दौंड कॉर्ड लाईन झाली आणि गाड्या दौंडच्या मुख्य स्टेशनाला बगल देऊन परस्पर जायला लागल्या. मालगाड्या सुखावल्या. दौंडकर मात्र रात्री-अपरात्री कॉर्ड लाईनच्या स्टेशनावर उतरून रिक्षा शोधायला लागले. रेल्वेत एकाचा वेळ वाचला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातून वजा होतो.

दौंड–पुणे या पट्ट्यात तर मालगाडी आणि चाकरमानी यांची रोजची गाठ. वीज आली, २०१७ मध्ये डेमू सुरू झाली आणि पाटस, केडगाव, यवत, उरुळीची माणसं पुण्याला कामाला जाऊन घरी झोपायला यायला लागली. त्याच रुळांवर लोणीच्या तेलडेपोंमधले टँकर, सोलापूरकडचं सिमेंट, साखर आणि देशभर धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या. सकाळी यवतच्या फलाटावर उभा असलेला माणूस पुण्याच्या दिशेला डोळे लावून नसतो, तो मागे दौंडकडे बघत असतो. दिवा दिसला की पहिला प्रश्न, “डेमू का माल?” माल असली तर सगळा फलाट एका सुरात सुस्कारा सोडतो. मग पुढचा तर्क: ही पुढे गेली म्हणजे आपली मागे अडकणार. दहातल्या नऊ वेळा मालगाडीला पुढच्या स्टेशनात बाजूला घेतलेलं असतं, पण दहाव्या वेळेचीच चर्चा महिनाभर चालते.

पुण्यापुढे लोणावळा, जिथपर्यंत १९७८ पासून लोकल जाते, आणि त्यापुढे घाट. बोरघाटात चढण सदतीस फुटांना एक फूट. रस्त्यावरच्या ट्रकला ही चढण हसण्यावारी वाटेल, रेल्वेला मात्र घाम फोडते. म्हणून मुंबईहून येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. जड गाडीला तीन-तीन. हीच इंजिनं लागेपर्यंतच्या मिनिटांवर कर्जतचा वडा महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाला. गाडी बँकरसाठी थांबते, प्रवाशाची खात्री असते की वड्यासाठीच थांबते. मालगाडीलाही बँकर लागतात, पण तिचे वडे कोण खाणार? आणि बँकर मोजके. एक्सप्रेस आली की ते तिच्याकडे. मालगाडी पायथ्याशी उभी, आपला ढकलणारा कधी रिकामा होतो याची वाट बघत. उतरतानाही सुटका नाही. ब्रेक तपासल्याशिवाय खाली सोडत नाहीत.

घाट उतरून माल मुंबईच्या अंगणात आला की खरी परीक्षा सुरू. मध्य रेल्वे दिवसाला सुमारे १८०० लोकल चालवते. गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांना एक गाडी. या दोन लोकलांमध्ये अर्ध्या-पाऊण किलोमीटर लांबीची, सावकाश वेग घेणारी आणि त्याहून सावकाश थांबणारी मालगाडी बसवणं हे दादरच्या पुलावरून सकाळी नऊ वाजता पलंग नेण्यासारखं आहे. त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत तिला आत घेतच नाहीत. ती कल्याणच्या अलीकडे, कर्जतजवळ, कसाऱ्याच्या बाजूला, पनवेलला, जिथं असेल तिथं थबकते.

मग दुपारी सोडा. दुपारी लांब पल्ल्याच्या गाड्या. मग रात्री सोडा. रात्री शेवटची लोकल बाराच्या पुढे सुटते आणि कर्जत-कसाऱ्याला पोचेपर्यंत आणखी दोनेक तास जातात. पहाटे चारच्या सुमाराला पहिली लोकल तयार. मधल्या फटीत मालगाडी पळू शकते, पण नेमक्या त्याच फटीत रूळ बदलणारे, ओव्हरहेड वायर तपासणारे, गिट्टी भरणारे लोक आपापला ब्लॉक मागत उभे असतात. रविवारी लोकल कमी, म्हणून मालगाडीनं आशेनं डोळे उघडावेत, तर रविवारी मेगाब्लॉक. मुंबईकर मेगाब्लॉकला शिव्या देतो तेव्हा त्याला कल्पना नसते की त्याच्याहून मनापासून त्या देणारा एक ट्रेन मॅनेजर वांगणीच्या पुढे कुठंतरी ब्रेकव्हॅनच्या व्हरांड्यात बसला आहे.

कल्याण ते कसारा आणि बदलापूर ते कर्जत या पट्ट्यांत लोकल, एक्सप्रेस आणि मालगाडी यांना रूळ तेच. तिथं मालगाडीचं इंजिन बंद पडलं की ती एकदाची पहिल्या पानावर येते. एरवी हजार गाड्या निमूट बाजूला थांबून गेल्या, त्यांची बातमी होत नाही. एक भर रुळावर थांबली की ‘मालगाडीमुळे लोकल ठप्प’. आटगाव-आसनगावची माणसं लोकलमधून उड्या टाकून रुळांतून चालायला लागतात आणि बंद पडलेल्या इंजिनाकडे असं बघतात, जणू त्यानं हे मुद्दाम केलं. दिव्याच्या फाटकाची कथा आणखी वेगळी. तिथं मालगाडीही नको आणि बंद इंजिनही नको. रस्त्यावरच्या टेम्पो-रिक्षांसाठी फाटक उघडलं की लोकल थांबतात आणि लोकल सोडल्या की टेम्पो थांबतात. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळी वाट मिळाली. फाटकाला मात्र कुठल्याही मार्गिकेचं सोयरसुतक नाही. शेजारच्या कोपरला इंजिनिअरांनी हा तंटा उंचीनं सोडवला आहे: खालून मुख्य मार्गाची लोकल, वरून दिवा–वसईची लाईन. वरून कंटेनरच्या रांगा घरंगळतात, खालचा चाकरमानी मोबाईलमधून मान वर करत नाही.

आता या मानपानाचा हिशोब. २०१६ पासून रेल्वेच्या तिकिटावर एक ओळ छापली जायला लागली: प्रवासाच्या सरासरी खर्चापैकी फक्त ५७ टक्के रेल्वे वसूल करते. उरलेले ४३ टक्के कुठून येतात, ते तिकिटावर लिहिलेलं नसतं. ते लुपात उभे असतात. २०२३-२४ मध्ये मालवाहतुकीतून रेल्वेला सुमारे १ लाख ६८ हजार कोटी रुपये मिळाले आणि प्रवाशांकडून ७० हजार कोटींच्या आसपास. कोळसा, लोखंड, सिमेंट, धान्य, खत यांच्या भाड्यातून लोकलचा पास स्वस्त राहतो आणि त्या पासवर बसलेला माणूस खिडकीतून म्हणतो, “ह्या मालगाड्या बंद का नाही करत?”

मालगाडीला बाजूला घेतल्यानं तिचा नेमका किती वेळ जातो, हे शोधायला एरवी मोठी समिती नेमावी लागली असती. २०२० मध्ये तो प्रयोग फुकटात झाला. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली, प्रवासी गाड्या थांबल्या आणि रुळांवर मालगाड्या एकट्या उरल्या. एरवी तासाला २२-२३ किलोमीटरच्या सरासरीनं रखडणाऱ्या मालगाड्या त्या वर्षीच्या जुलैत ४५ च्या पुढे गेल्या. तीच इंजिनं, त्याच वाघिणी, तेच रूळ. मध्ये फक्त आपण नव्हतो. तेवीसचा वेग म्हणजे सायकलवरच्या तरुण पोस्टमनचा वेग. देशाचा कोळसा इतकी वर्षं त्या पोस्टमनच्या मागे मागे येत होता.

क्वचित पारडं फिरतंही. २०२२ च्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांतला कोळसा तळाला गेला, तेव्हा रेल्वेनं प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द करून कोळशाला वाट मोकळी केली. पंखा हवा की पॅसेंजर, असा सरळ प्रश्न होता आणि मे महिन्यात पंख्याला विरोध करणारा मायेचा पूत अजून जन्माला यायचा आहे. मराठवाड्यानं त्याआधी दुष्काळात एक मालगाडी डोळ्यांत प्राण आणून बघितली. ११ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्यानं भरलेले दहा टँकर निघाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचले. पाच लाख लिटर पाणी. टँकर आधी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात आतून वाफेनं धुऊन काढलेले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी झाली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. मालगाडी किती वाजता येणार, हे स्टेशनावर जाऊन विचारणारे लोक त्या उन्हाळ्यात लातूरला होते.

मालाला सगळीकडेच दुय्यम मान मिळतो, असंही नाही. अमेरिकेत बहुतेक रूळ मालवाहतूक कंपन्यांच्या मालकीचे आणि ॲमट्रॅकची प्रवासी गाडी त्यांच्याकडे भाडेकरू. प्रवासी गाडीला अग्रक्रम द्यावा, असा कायदा तिथं १९७३ पासून आहे. कंपन्या कायदा मोडत नाहीत, त्या फक्त गाड्या लांब करतात. दोन-तीन किलोमीटरची मालगाडी कुठल्याच बाजूच्या रुळात मावत नाही. मग नाइलाजानं, अगदी दिलगिरीनं, प्रवासी गाडीच बाजूला घेतात. तिथले प्रवासी नेब्रास्काच्या रानात तासन् तास मक्याची शेतं बघत बसतात. आपल्याकडे हा धडा कुणी गिरवलाच नाही असं नाही. १५ ऑगस्ट २०२२ ला पाच रेक एकाला एक जोडून ‘सुपर वासुकी’ ही साडेतीन किलोमीटर लांबीची कोळशाची गाडी कोरब्याहून राजनांदगावला नेली. २९५ वाघिणी, सहा इंजिनं, २७ हजार टन. सुमारे २६७ किलोमीटरला अकरा तासांवर वेळ लागला, म्हणजे सरासरी पुन्हा आपली पोस्टमनचीच. पण एक झालं: तिला बाजूला घ्या म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण बाजू तेवढी लांब नव्हती.

जवाहरलाल नेहरू बंदर ते दिल्लीजवळचं दादरी असा सुमारे दीड हजार किलोमीटरचा, फक्त मालगाड्यांसाठीचा पश्चिम मार्ग उभारायला घेतला. तिथं मालगाडीच्या पुढे फक्त मालगाडी आणि मागेही मालगाडी. पण मुंबईच्या बाजूचं टोक जुळवणं हेच सगळ्यांत किचकट काम ठरलं आहे. जिथं गर्दी तिथंच जमीन महाग, जिथं जमीन महाग तिथंच रूळ कमी आणि जिथं रूळ कमी तिथंच मालगाडी बाजूला.

माणसं आणि माल यांच्यात अदलाबदलही चालते. वय झालेले काही प्रवासी डबे रेल्वे भंगारात काढत नाही. खिडक्या बंद करते, आतली बाकं उपसते, टोकाला दार पाडते आणि त्यातून मोटारी पाठवते. चिंचवडहून अशा डब्यांतून नव्या गाड्या देशभर जातात. ज्या डब्यासाठी आयुष्यभर मालगाड्या बाजूला थांबल्या, तो म्हातारपणी स्वतः लुपात उभा राहतो. डाळिंबाचं नशीब जरा बरं निघालं. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून पहिली किसान रेल सुटली, पाठोपाठ सांगोल्याची डाळिंबं दौंडमार्गे बिहारकडे निघाली आणि या गाडीला वेळापत्रकही मिळालं. इंदापूरच्या बागाईतदारांनी तेव्हा मालगाडी वेळेवर आल्याच्या गोष्टी एकमेकांना फोन करून सांगितल्या असतील तर नवल नाही.

माणसानं स्वखुशीनं माल होण्याचा प्रयोग मात्र कोकणात झाला. कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक उचलून वाघिणीवर ठेवून नेते आणि ट्रकवाले त्यावर खूष आहेत. डिझेल वाचतं, टायर वाचतात, घाट टळतो. २०२५ च्या गणपतीत तीच सोय खाजगी मोटारींसाठी काढली. दुपारी कोलाडला मोटार आणायची, ती वाघिणीवर चढवून साखळदंडानं बांधायची, आपण मोटारीत बसायचं नाही, मागे जोडलेल्या डब्यात तिकीट काढून बसायचं. संध्याकाळी पाचला निघून सकाळी सहाला गोव्यात. वाटेत समोरून येणाऱ्या गाड्यांसाठी थांबणं ओघानं आलंच. एका फेरीला चाळीस मोटारींची जागा, मोटारीचं भाडं ७८७५ रुपये आणि किमान सोळा मोटारी जमल्या तरच गाडी सोडायची, असं ठरलं. सोळा मोटारी जमवताना रेल्वेच्या नाकी नऊ आले. गणपतीला निघालेला मुंबईकर मुंबई–गोवा महामार्गाच्या खड्ड्यांतून, माणगावच्या कोंडीतून, पुढच्या ट्रकला हॉर्न मारत मारत गेला.